तलावात पडलेला कॅमेरा

फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा कुठे बेबीनंदाबाईंनी गव्हाचं सूप बाजूला ठेवून तो उचलला. सकाळचे पावणेनऊ झाले होते.

"वैनी, मी सोमेश्वर. जल्दी या. तळ्यावर या."

"का रे? काय झालं?"

"प्रीती... प्रीती पाण्यात गेली, वैनी."

पुढचं त्यांना ऐकू आलं नाही. फोन कानाशीच होता, सोमेश्वरचा आवाजही येत होता, पण शब्द कळत नव्हते. त्या तशाच अनवाणी दारात आल्या. समोरून पोलिसांची जीप येताना दिसली आणि त्यांना दाराची चौकट धरावी लागली.

जमादार रामप्रसाद खाली उतरले. "मावशी, बसा गाडीत. अजून काई सापडलं न्हाई. धीर सोडू नका."

रामप्रसाद आता पन्नाशीचे होते. पण त्यांचा पाचवीतला फोटो, तेल चोपडून भांग पाडलेला, बेबीनंदाबाईंनी स्वतःच्या हाताने धुतला होता. निम्म्या मंठा गावाचे चेहरे असे त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांचे यजमान राजानंद यांनी एकोणऐंशी साली 'रमाई फोटो स्टुडिओ' काढला. बाहेर राजानंद फोटो काढायचे. आत, बिनखिडकीच्या डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली बेबीनंदाबाई कागद औषधाच्या पाण्यात हलवत बसायच्या. कोऱ्या कागदावर आधी डोळे उमटायचे, मग बाकीचा माणूस. ते बघताना त्यांना दर वेळी नवल वाटायचं.

मग रीळ गेलं, डार्करूम बंद पडली, आणि बारा वर्षांपूर्वी राजानंदही गेले. दुकान सोमेश्वरकडे आलं. सोळाव्या वर्षी शिकायला आलेला हा पोरगा घरातलाच झाला होता. राजानंदांना उस्ताद म्हणायचा, बाईंना वैनी. पासपोर्ट, बारसं, निरोपसमारंभ, एवढेच फोटो तो काढायचा. व्हिडिओचं नाव काढलं की म्हणायचा, "ते हलतं काम आपलं न्हाई."

हलतं काम नातीने उचललं. प्रीतीचे आईबाप पुण्याला कारखान्यात. ती आजीपाशी राहून लग्नांचे व्हिडिओ काढायची, फोटोच्याच डीएसएलआर कॅमेऱ्यावर. गेल्या दिवाळीत ती गच्चीवर पणत्यांचं शूटिंग करत होती. बाईंनी कौतुकाने मध्येच कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला. आत मिट्ट काळोख. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डोळा गेला म्हणून बाई जोरात ओरडल्या, आणि प्रीती हसून हसून खाली बसली होती.

जीपमध्ये ते हसू त्यांना आठवलं आणि त्यांनी पदर तोंडात धरला.

जमादारांचा फोन वाजला. "न्हाई साहेब, गाडी न्हाई सापडली अजून. पांढरी, डावा दिवा फुटलेला, एवढंच." फोन ठेवून ते ओशाळून म्हणाले, "माफ करा मावशी. त्या रखमाजीचं प्रकरण. बारा दिवस झाले."

रखमाजी दूधवाला सगळ्यांना ठाऊक होता. जालना रस्त्यावर मंगल कार्यालयाजवळ कुणीतरी त्याला उडवून पळून गेलं. त्या संध्याकाळी प्रीती त्याच कार्यालयात लग्नाचं शूटिंग करत होती. तिने ते लग्न आता कुठे संगणकावर जुळवायला घेतलं होतं, आणि काल दुपारी जेवताना तिचं ताटात लक्ष नव्हतं.

"आजी, आपल्या माणसाच्या हातून काही वाईट झालेलं दिसलं, तर काय करावं गं?"

"किती आपला?"

"लई आपला."

"मंग आधी त्यालाच सांगून बघावं. आपल्या तोंडानं कबूल करायची संधी द्यावी."

प्रीतीने मान हलवली होती. बाईंना वाटलं, मैत्रिणीचं काहीतरी असेल.

तळ्याच्या बांधावर चाळीसेक माणसं जमली होती. प्रीतीची स्कूटी झाडाखाली उभी होती. तिची काळी पिशवी आणि कॅमेऱ्याची तिपाई गवतात पडलेली. सोमेश्वर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. बाईंना बघताच धावत आला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसू लागला.

त्याच्या शर्टाला एक वास होता. आंबूस, नाकात झोंबणारा. राजानंदांच्या शर्टाला असायचा तसाच. त्या वासाने बाईंचा इतका वेळ धरलेला बांध फुटला. दोघं एकमेकांना धरून रडली.

जमादारांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग वही काढली.

"पहिल्यापासून सांगा."

"सात वाजता प्रीती दुकानावर आली. म्हनली, काका, माझाच एक व्हिडिओ पाहिजे जाहिरातीला. मी कॅमेऱ्यापुढं उभी राह्यले तर धरनार कोन? तिच्याच स्कूटीवर आल्तो आम्ही."

"तुमची गाडी?"

"जालन्याला गॅरेजात हाय. धा-बारा दिवस झाले."

"मंग?"

"ती बांधावर उभी होती. वढणी उडवत मागं मागं सरकून राह्यली होती. मी शूटिंग करून राह्यलो होतो. तेवढ्यात पाय घसरला."

"उडी न्हाई मारली तुम्ही?"

"पोहता येत न्हाई, साहेब. कॅमेराबी हातातून सुटला आन पाण्यात गेला."

बेबीनंदाबाईंना ते शेवटचं दृश्य हवं होतं. कितीही वाईट असो, पण हवं होतं. "सोमा," त्या म्हणाल्या, "पडताना तिचं तोंड कसं होतं? तू बघितलंस का?"

"बघितलं की, वैनी. डोळा कॅमेऱ्यालाच लावलेला होता. उस्तादांनी शिकवलं तसा, एक मिटून दुसरा भोकाला. हसून राह्यली होती. आन एकदम चौकटीतून गेलीच."

"तेव्हा व्हिडिओ चालू होता?"

"बिलकुल चालू होता. शेवटपर्यंत डोळा काढला न्हाई मी."

बाईंनी मान हलवली. हसत होती म्हणे. तेवढंच बरं, असं त्यांना वाटलं. आणि लगेच कुठेतरी काहीतरी टोचलं. काय टोचलं, ते त्या क्षणी कळलं नाही.

पाण्यात कचरू भोई शोध घेत होता. आधी त्याने प्रीतीची ओढणी आणली. मग एक चप्पल. मग बऱ्याच वेळाने कॅमेरा. पट्ट्याला धरून त्याने तो वर काढला, तेव्हा त्यातून पाण्याची धार लागली होती.

"आजी, इथं पाणी छातीभर बी न्हाई," तो हळूच म्हणाला. "गाळ हाय, पर मी चार बारी तळ चाचपला. पोरगी इथं असती तर हाताला लागली असती."

बाईंनी कॅमेरा मांडीवर घेतला. सवयीने अंगठा आणि बोटाने दाबून भिंगावरचं झाकण काढलं. पदराच्या टोकाने काच टिपली. टिपता टिपता त्यांचा हात थांबला. त्यांनी हातातल्या झाकणाकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या भोकाकडे. मग आपल्या खांद्याकडे, जिथे सोमेश्वरने डोकं टेकलं होतं. तो वास अजून तिथे होता.

सोमेश्वर शेजारीच बसला होता. "काय बघून राह्यल्या, वैनी?"

"काई न्हाई बाबा. तिची वस्तू."

आतापर्यंत त्यांना पाण्याची भीती वाटत होती. आता शेजारच्या माणसाची वाटू लागली. झाकण त्यांनी मुठीत झाकून घेतलं. ओरडावं का? ओरडलं, आणि त्याने तोंड मिटून घेतलं तर? बंद खोलीची किल्ली त्याने आधीच कुठे फेकली असेल तर? पोरगी जिवंत असेल तर तिच्यापाशी किती वेळ उरलाय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की ती खोली बांधताना राजानंदांनी उजेडाचा एक कण आत येऊ दिला नव्हता. हवेचं तर नावच नको.

"मावशी," जमादार जवळ आले, "पोरीचा एखादा फोटो लागंल. आसपास पाठवायला."

सोमेश्वरने झटकन मोबाईल काढला. "हा घ्या, साहेब. माझ्याकडं हाय."

"मोबाईलमधला नको," बेबीनंदाबाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच बाईचा वाटला. "दुकानात चला. चांगला छापून घेऊ. कागदावरचा फोटो हातात आल्याबिगर माझा जीव थाऱ्यावर येनार न्हाई."

"वैनी, या घडीला फोटो छापत बसायचं? दुकानात लाईट बी न्हाई."

"सकाळी तर माझ्याकडं पंखा चालू होता."

"तुमच्या गल्लीत असंल."

"मंग जाऊन बघू. जमादारसाहेब, मला धरा. चक्कर येऊन राह्यली. तुम्हीबी संगं चला."

जमादारांनी एकदा बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी सोमेश्वरला जीपमध्ये मागे, दोन शिपायांच्या मध्ये बसवलं.

मंठ्यापर्यंतचा रस्ता पंधरा मिनिटांचा. बेबीनंदाबाई पुढच्या आरशातून मागे बघत होत्या. सोमेश्वरही आरशातच बघत होता. दोघांची नजर एकदा मिळाली. त्याने आपली काढून घेतली नाही.

शटर वर गेलं. वास बाहेर आला. या वेळी त्याने रडू आलं नाही.

बाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला.

"लाईट तर हाय, सोमा."

"आली असंल आत्ता."

त्या थेट मागे गेल्या. डार्करूमच्या दाराला नवं कोरं कुलूप होतं. जुनं, गंजलेलं, मोडून खाली पडलं होतं.

"हे कधी लावलं?"

"परवा. उंदरं झाली होती आत."

"उंदीर कुलपाला भिऊन राहतात का रे?" त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे."

"वैनी, कशाला उगं..."

"किल्ली दे, सोमा!"

सोमेश्वर मागे सरला. एका शिपायाने त्याचा दंड धरला. बाईंनी दारावर दोन्ही हात आपटले. "प्रीती! ए प्रीती!"

काही नाही. दुकानातल्या घड्याळाचा काटा तेवढा वाजत होता.

"प्रीती, आजी हाय गं!"

आणि मग खालून, अगदी उंबऱ्याजवळून, खरवडल्यासारखा आवाज आला. एकदाच.

जमादारांनी फोटोचा दिवा लावायची लोखंडी दांडी उचलली आणि कुलपाच्या कडीत घालून मुरगळली. तिसऱ्या झटक्याला कडी उखडली. दार उघडताच डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या वासाचा लोट आला. फोटो धुवायच्या जुन्या ॲसिडच्या दोन मोठ्या बाटल्या फुटून जमिनीवर पसरल्या होत्या. उजेड येऊ नये म्हणून राजानंदांनी दाराखाली लोकरीचा जाड नमदा ठोकला होता. प्रीतीने तो नखांनी ओरबाडून बोटभर फट पाडली होती आणि फटीला नाक लावून ती पालथी पडली होती. केसांत रक्त वाळलं होतं. नखंही रक्ताळली होती.

पण पाठ हलत होती. वर, खाली. वर, खाली.

दुपारी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बेबीनंदाबाई बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते की पोरगी वाचेल, अर्ध्या तासाचाच प्रश्न होता. अटक करायच्या आधी तपासणी करावी लागते म्हणून सोमेश्वरलाही तिथेच आणलं होतं. तो समोरच्या भिंतीला टेकून बसला होता, दोन्ही बाजूंना शिपाई.

"मावशी," जमादार म्हणाले, "तुम्हाला कळलं कसं? मला तर त्याची कहाणी बराबर वाटली होती."

"मलाबी वाटली होती. तो म्हनला, व्हिडिओ चालू होता आन डोळा भोकाला होता. जमादारसाहेब, या कॅमेऱ्यात आत आरसा असतो. भोकातून आपल्याला दिसतं ते त्या आरशामुळं. व्हिडिओ चालू केला की आरसा वर उचलला जातो. भोकात काळोख. मागच्या पडद्यावरच बघावं लागतं. मी गच्चीवर डोळा लावून घाबरले होते, तेव्हा प्रीतीनं समजावलं होतं. त्यानं खरंच व्हिडिओ काढला असता तर भोकातून त्याला प्रीतीचं हसू दिसलंच नसतं."

सोमेश्वरने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. "काळोख होतो? खरंच, वैनी?"

"तू कधी व्हिडिओ काढलाच न्हाईस. तुला कसं ठाऊक असनार? जन्मभर फोटोच काढलेस. खोटंबी फोटोवाल्याचंच बोललास." बाई जमादारांकडे वळल्या. "तरी मी मनाला म्हनलं, घाबरलेला माणूस काईबी बोलतो. मंग कचरूनं कॅमेरा आणला. भिंगावर झाकण. शूटिंग करताना हातातून सुटलेल्या कॅमेऱ्याला झाकण कोन लावनार? पाण्यातले मासे? सोळा वर्षांचा असताना यानं एकदा भिंग उघडं ठेवलं म्हणून ह्यांनी कानफटात मारली होती. तवापासून भिंग उघडं ठेवलं न्हाई यानं. कॅमेरा पाण्यात फेकायचा होता, तरी हातानं आधी झाकण लावलं. त्याला कळलंबी नसंल."

सोमेश्वर आपल्या हातांकडे बघत राहिला.

"आन दुकान?" जमादारांनी विचारलं.

"वास. माझ्या खांद्यावर रडला तेव्हा मला आमचे हे आठवले. वाईट मला त्याचं वाटतंय, मी त्या वासानं रडले. मंग डोक्यात आलं, ते ॲसिड मंठ्यात एकाच खोलीत हाय, आन ती बारा वर्षं उघडलेली न्हाई. आज सकाळी याच्या अंगाला तो वास कसा? बाटली फुटल्याबिगर येनार न्हाई. आन बाटली कशी फुटली असंल..."

जमादार सोमेश्वरकडे वळले. "रखमाजी?"

सोमेश्वर म्हणाला, "लग्नाला उशीर झाला होता. जोरात होतो. कार्यालयाच्या मागं गाडी लावली आन फडक्यानं पुसली. पोरगी तेव्हा नवरीला गाडीत बसवतानाचं शूटिंग करून राह्यली होती. तिच्या व्हिडिओत मागच्या कोपऱ्यात मी आलो, मला काय माहीत? काल दुकानात येऊन म्हनली, काका, तुमचा दिवा फुटलेला दिसतो, तुम्ही पुसताना दिसता. शनिवारपर्यंत तुम्हीच ठाण्यात जा, मी कुनाला सांगनार न्हाई."

"म्हणून आज सकाळी बोलावलंस," जमादार म्हणाले.

"म्हनलं, ये, संगंच जाऊ ठाण्यात. कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन ये. ती आली. कार्ड मागितलं तर देईना. आतल्या खोलीचं कुलूप मी मोडूनच ठेवलं होतं; ओढाओढीत ती आत, बाटल्यांच्या मांडणीवर पडली. मी दाराला नवं कुलूप घातलं. कार्ड तोडून गटारात टाकलं. म्हनलं, निगेटिव्हच न्हाई राह्यली तर..."

"निगेटिव्ह एकच असायची, सोमा. तिच्या प्रत्येक शूटिंगची कॉपी त्याच रात्री घरच्या संगणकावर जाती. तुझा दिवा, तुझं फडकं, सगळं माझ्या घरात हाय."

सोमेश्वर भिंतीला टेकला. "मला तिला मारायचं न्हवतं, वैनी. गौतम बुद्धाची शपथ, उस्तादांची शपथ."

"आमच्या बुद्धाची शपथ घालू नको. आन तळ्यावर ती बुडाली म्हणून सांगितल्यावर, ती जिवंत बाहेर येऊन चालनार होती का तुला? अंधार पडल्यावर तू दुकानात जाऊन काय करनार होतास?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. शिपाईसुद्धा त्याच्याकडे बघत होते. चाळीस वर्षं हा माणूस त्यांच्या हातची भाकरी खात आला होता.

जमादार वही मिटून उठले. "चला," ते सोमेश्वरला म्हणाले. जाताना थांबले. "मावशी, रखमाजीच्या बायकोला, सगुणाबाईला, मी सांगू, का तुम्ही येता?"

"मी येते. उद्या. मीच सांगितलं होतं प्रीतीला, आधी त्यालाच संधी दे म्हणून. त्या बाईपुढं मला जावंच लागंल." त्या थांबल्या. "आज न्हाई. आज मी हिला सोडून कुठं जानार न्हाई."

आत प्रीतीने डोळे उघडले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, दोन्ही हातांना पट्ट्या. ती आजीकडे बघत राहिली. बाई तिच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुला सांगायला चुकलं."

प्रीतीने डोळ्यांनीच नाही म्हटलं.

सिस्टर औषध देऊन गेली आणि जाताना तिने सवयीने दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा खटका झाला. प्रीती एकदम ताठ झाली. तिचा श्वास वर चढला, पट्ट्या बांधलेले हात चादरीवर खरवडू लागले.

"दार... आजी, दार!"

बेबीनंदाबाईंनी दार सताड उघडलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढत उंबऱ्यात आणलं आणि दाराच्या फळीला पाठ लावून त्या बसल्या.

"मावशी, तिथं कशाला बसल्या? दार लावा, डास येतात," सिस्टर व्हरांड्यातून म्हणाली.

"येऊ द्या."

आतला श्वास हळूहळू खाली आला. थोडा वेळ गेला.

"आजी?"

"हाय गं."

पुन्हा थोडा वेळ.

"आजी?"

"हाय. इथंच हाय. दार उघडंच हाय."